शेवंताकाकूचा आवाज

हे मी घरात कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला का सांगतो आहे — तेही मला नीट कळत नाही.

पवनीच्या घरी बसून मी एकट्याने माझं पहिलं ॲप बनवलं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर मासे धरणाऱ्यांसाठी — वारा किती, नदी चढते की उतरते, डोंगा, म्हणजे लहान होडी, कुठे लावायचा. वाचायला लावायचं नाही, ऐकवायचं, असं ठरवलं होतं. आवाज शेजारच्या शेवंताकाकूचा घेतला. स्वयंपाक आटोपून, पदराला हात पुसत ती यायची आणि फोनशी माणसाशी बोलावं तशी बोलायची. "आज वारा हाय रे बाबू, आत नको जाऊ."

ॲप सुरू झालं. धरणामुळे उठून वसलेल्या पुनर्वसनातल्या गावांमधून लोकांनी आधी विचारलं ते हेच — ही बाई कोण?

मग पावसाळ्याच्या तोंडावर काकू गेली. बसल्या जागी.

तो आवाज तेव्हाच बंद करायला हवा होता ना? मी केला नाही. तिचं रेकॉर्डिंग एका सॉफ्टवेअरला दिलं, आणि मी लिहीन ते ती बोलू लागली — मधला श्वाससुद्धा तिचाच. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. तिच्या नवऱ्यालाही नाही. नामदेवकाका स्वतः त्याच पाण्यावर जायचे; त्यांनाही वाटायचं, तिने आधी बोलून ठेवलेलंच वाजतंय. तिचं ते नवं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून दार लावून घेतलं — भर दुपारी.

त्या पावसात जुना घाट खचला. मी तसं लिहिलं, आणि सकाळी काकूने सगळ्यांना सांगितलं — जुना घाट खचला, तिथं डोंगा लावू नका.

थोड्याच वेळात काका दारात. फोन ओंजळीत धरलेला.

"घाट तं ती गेल्यावर खचला, बाबू. तिले कसं मालूम?"

तेव्हा बोलायला हवं होतं. काका, ही मशीन बोलते — एवढंच. पण मग गावभर झालं असतं, मेलेल्या बाईचा आवाज चोरला म्हणून. मी घाबरलो.

"तिनं आधीच बोलून ठेवलं होतं, काका. म्हणे, हा घाट आज ना उद्या जाईन."

ते उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, "मंजे पुढचं दिसून राहिलं होतं तिले. आपलं जाणंबी." मग — "मले काहून नाही सांगितलं तिनं?"

मी त्यांच्यासाठी पाणी आणलं.

"माह्यासाठी काही बोलून ठेवलं का?"

"नाही."

त्या दिवशीचं माझं तेवढंच खरं होतं — आणि तेच त्यांना लागलं.

पुढे ते रोज ऐकत राहिले. तिच्या तोंडून काही नवं निघालं की त्यांना वाटायचं, हेही तिला ठाऊक होतं. हेही. त्यांच्या सुनेने सांगितलं, भिंतीवरचा काकूचा फोटो काढून त्यांनी पेटीत टाकला. वर्षश्राद्धाला ते पानावरून उठले. "साऱ्या गावाले सांगून गेली, मले नाही," म्हणाले. मी त्याच पंगतीत वाढत होतो. हातातलं भांडं खाली ठेवून सांगता आलं नसतं का?

मी पुढच्या पानावर भात वाढला.

गेल्या थंडीत काका गेले. शेवटपर्यंत तिच्यावर रागावलेले. तिरडीला मी खांदा दिला.

आवाज मी काढलेला नाही. आज सकाळीही काकू बोलली.