संत अगाथेसमोर आई

परवा राजापेठेतल्या घरी वीज गेली. मेणबत्ती लावली आणि त्या वासानं इटलीतलं रोमनेस्क शैलीतलं जुनं चर्च आठवलं. मी तिकडे नोकरीला असताना आई मूर्तिजापूरहून आली होती. जाड दगडी खांबांमागे, गार अंधारात संत अगाथेची मूर्ती होती.

"छातीच्या दुखण्यासाठी बायका हिला नवस बोलतात," मी म्हणाले.

आई थबकली. "आपलं आयकते का वं हे?"

"चल ना, बस जाईल," मी हसले.

तिनं मात्र मेणबत्ती लावली. एक हात पदराखाली छातीशी होता. मला वाटलं, थंडी वाजतेय.

सहा महिन्यांनी मी सुट्टीवर आले, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी आईला विचारलं, "गाठ कधीपासून आहे?"

"दीड वरीस झालं," आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता पुटपुटली, "तुले सांगतलं असतं, तं तू नोकरी सोडून आली असती."