संबळ आणि मटार
मटाराच्या ओल्या सालींचा वास आला की दिल्लीतल्या आमच्या सरकारी क्वार्टरचं मागचं अंगण आठवतं. थंडीतला रविवार होता. मी लोकनाट्यात एम.ए. करत होते आणि देवीच्या गोंधळावरच्या प्रबंधासाठी गावाकडून रेकॉर्ड करून आणलेली टेप उन्हात ऐकत बसले होते. अंगात येणं हा निव्वळ अभिनय, असं एक प्रकरण मी ठसक्यात लिहूनही टाकलं होतं. शेजारी आई मटार सोलत होती; मंत्रालयात नोकरी, बोलणं पुणेरी, देवधर्म बेताचा. टेपवर संबळाची लय चढली आणि मटाराची परात उलटली. आईचा अंबाडा सुटला, मान गरगर फिरू लागली. मी घाबरून टेपकडे झेपावले, तर बाबा धावत आले. "बंद करू नकोस, मध्येच तोडायचं नसतं." त्यांनी आतून हळदकुंकू आणून आईच्या कपाळाला लावलं आणि एरवी तिला 'अगं' म्हणणाऱ्या त्या माणसाने चक्क तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, लेकरांचं काय चुकलं?" घोगऱ्या, खेडवळ आवाजात आई म्हणाली, "माज्या दारात कवा येताय?" "येतो, आई." ती शांत झाल्यावर बाबांनी तिच्या कपाळावरचं कुंकू रुमालाने हलकेच पुसलं, अगदी सवयीने. आईने डोळे उघडले, केस बांधले. "अरे, हे मटार कोणी सांडले?" "माझाच धक्का लागला, सॉरी," पेपर उचलत बाबा सहज म्हणाले. प्रबंधातलं ते प्रकरण मी पुढे काढून टाकलं. त्या दुपारी आमच्या अंगणात अभिनय केला, तो फक्त बाबांनी.