रुसलेली वरमाई

आमच्या पिंगळीत तेव्हा टीव्ही एकाच घरात होता, म्हणून आम्ही मोठ्या बाया दुपारी बाहुला-बाहुलीचं लग्न खेळायचो. हसू नका! हप्ताभर चालायचं ते, सोयरिकीपासून अक्षतांपर्यंत.

वरमाई व्हायची पलीकडच्या गल्लीतली एक सून. तीनदा बोलावल्याशिवाय यायची नाही. आली की दुसऱ्या कुणाला बोलू द्यायची नाही. नवरदेवाचंही हीच बोलायची, अन् भटजी झालेल्या बाईचे मंत्रसुद्धा हीच दुरुस्त करायची. "मला मानपानाचं काही न्हाई," म्हणाली की समजायचं, आता अर्धा तास मानपानच.

एका वर्षी ऐन लग्नाच्या दुपारी, पाय धुवायला कुणी आलं नाही म्हणून ती रुसली आणि नवरदेव पदरात बांधून चक्क घरी निघून गेली. नवरी आमच्या शेजारणीची. तिला लेकरू नव्हतं. महिनाभर खपून तिनं बाहुलीची चोळी शिवलेली. ती बिचारी खरंच रडायला लागली.

मी तणतणत वरमाईच्या घरी गेले. "अगं, खेळ हाय हा! चल."

तिनं मान खाली घातली. "अक्का, ह्या घरात रुसले तर कोण येतंय समजूत काढायला? तिथं तरी रुसू द्या की."

मी तिच्याशेजारी टेकले. मग म्हटलं, "रुस बाई. पण जरा लवकर आटप, शिरा गार व्हायलाय."

चांगली घटकाभर रुसली. मग उठून म्हणाली, "अशी न्हाई यायची मी. वाजतगाजत न्या."

तिच्याच घरातली थाळी घेतली, अन् भर गल्लीतून वाजवत नेलं तिला.