पंपघरात कोणी राहत नाही

आमच्या सरकारी वसाहतीत पंपवाल्याला लहानथोर सगळे मामाच म्हणत. सहा इमारतींना पाणी सोडणारा हा माणूस टाकीजवळच्या पंपघरात बायकोसह सव्वीस वर्षं राहिला. पंपाला पाना टेकवायचा, पान्याला कान लावायचा आणि आत काय बिघडलंय ते सांगायचा. मामी म्हणायच्या, "माझं कधी इतकं ऐकलं असतं तर!"

पंपघरात राहायला मनाई होती. वर्षातून एकदा तपासनीस येत. त्यांची कुणकुण लागली की गादी तळमजल्यावरच्या शिंप्याकडे, भांडी आणि मामी माझ्या स्वयंपाकघरात, पंपघराला कुलूप. "इथे कोणी राहतं का?" असं विचारलं की शिंपी हसून म्हणे, "छे हो साहेब, त्या धडधडीत कोण झोपणार?" तसा पंचनामा होई. खाली साक्षीदार म्हणून शिंप्याची आणि माझी सही. साहेबांच्या हातावर तुरी दिल्याच्या आनंदात मग सगळ्यांचा चहा व्हायचा.

यंदा वसाहत पाडून नवी बांधायचं ठरलं. जो राहत होता, त्याला नवी खोली. मामांनी अर्ज केला. साक्षीला शिंपी आणि मी गेलो. मामी कचेरीच्या जिन्याखाली थांबल्या.

कारकुनाने फाईल उघडून एकेक पंचनामा उलटला. "कोणी राहत नाही. कोणी राहत नाही. ही सही तुमचीच ना, बाई?"

"माझीच."

"मग तेव्हा खोटं बोललात की आता?"

"तेव्हा."

"तसं लिहून द्या. पण खोट्या पंचनाम्यावर सही करणाऱ्यांच्या खोल्यांचीही चौकशी लागेल, हे आधीच सांगतो."

त्याने कोरा कागद पुढे सरकवला. शिंपी आपल्या चपलांकडे बघत राहिला. मी पेनाचं टोपण काढलं. वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी कुठे जाणार, हा विचार मनात आला आणि मी टोपण परत लावलं.

मामांनी ते पाहिलं. "चला," एवढंच म्हणाले.

जिन्याखाली मामी उठून उभ्या राहिल्या. "झालं का हो काम?"

"साहेब जागेवर नाहीत," मामा म्हणाले. "उद्या बोलावलंय."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. "हो ना, ताई?"

"हो," मी म्हणाले. "उद्या."