माझ्या अक्षरातली तिची उत्तरं

माझी चुलत बहीण जन्मापासून आंधळी. पाचवीनंतर फोपनारच्या शाळेनं हात वर केले, तेव्हा बाबांनी तिला बऱ्हाणपूरला आमच्या घरी आणलं. कायदा नवा होता. अपंग मुलांना सगळ्यांसोबत शिकायचा हक्क आहे, अशी पत्रकं बाबा वाटायचे. मला ती तोंडपाठ होती. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, बड्या मॅडम, यांच्यासमोर मी एक पत्रक घडाघडा म्हणून दाखवलं आणि तिला माझ्याच वर्गात प्रवेश मिळाला. त्या दिवसापासून ती मला माझीच वाटू लागली.

धडे मी वाचून दाखवायची. मासिक चाचणीत आधी माझा पेपर, मग ती सांगेल तसा तिचा, दोन्ही मीच लिहायची.

वार्षिक परीक्षेआधी मॅडम म्हणाल्या, "रायटर खालच्या क्लासची पाहिजे. नियम आहे." त्यांनी पाचवीतली एक मुलगी निवडली. तिचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं! दुसऱ्या दिवशी दोघी मधल्या सुट्टीत एका डब्यातून खाताना दिसल्या. रोज ती माझ्या डब्यातून खायची.

मी पत्रक घेऊन ऑफिसात गेले, बहिणीलाही ओढत नेलं. "मॅडम, हा तिच्या हक्कावर अन्याय आहे!"

मॅडमनी तिलाच विचारलं, "तू बोल बेटा. कोण पाहिजे?"

"ती पाचवीवाली."

बाहेर येताच मी फणकारले, "का गं? मी काय वाईट लिहिते?"

"अच्छंच लिहितेस. पर तुझं लिहितेस. भूगोलाच्या चाचणीत विचारलं, केळीला काळी माती का लागते, तर मी म्हटलं, मुठीत दाबली की ओल हाताला लागते. तू काय लिहिलं?"

मी पुस्तकातलं वाक्य लिहिलं होतं. तिला चांगले मार्क मिळावेत म्हणून. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं.

परीक्षेत त्या दोघी व्हरांड्यात, मी खिडकीशी. "आगे, दीदी?" ती पोरगी विचारायची आणि माझी बहीण सावकाश सांगायची. माझा पेन थांबायचा.

निकाल मीच वाचून दाखवला. भूगोलात तिला माझ्यापेक्षा बरेच कमी मार्क होते. मला आनंद झाला. त्या आनंदाची लाज अजून गेलेली नाही.

"भूगोल परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"माझे आहेत," ती म्हणाली, आणि गुणपत्रिका माझ्या हातातून काढून घेतली.