दातानं निवडलेला मका

दाणा दाताखाली कट् वाजला की तो चांगला, हे मी आईकडून उचललं आणि जन्मभर धान्य तसंच निवडलं. तो मकाही तसाच निवडला, आणि तिथंच घोळ झाला.

नात चार वर्षांची, अंगानं नुसती काडी. दूध नको, डाळ नको. मक्याची भाकरी मात्र मागून खाते. म्हणून कृषी केंद्रातल्या ताईंनी पौष्टिक मक्याचं बी दिलं, ते आम्ही बांधाकडच्या तुकड्यात पेरलं. मका घरात आला तशी मी सूप घेऊन बसले. चकचकीत, टणक दाणे भाकरीला आणि बियाण्याला. पोटात खडूसारखं पांढरं असलेले, दाताखाली पटकन फुटणारे, ते गोणीत. ती गोणी जावेच्या कोंबड्यांना.

महिन्यानं ताई आल्या. माझे निवडलेले दाणे त्यांनी मोबाईलच्या उजेडावर धरले. उजेड आरपार.

"अक्का, पांढरट दाणे कुठं गेले?"

"कोंबड्यांना दिले. पोचट होते."

ताई म्हणाल्या, या वाणाची चांगली प्रथिनं त्या पांढरट दाण्यांतच. पूर्वी असला मका फार मऊ निघायचा, लगेच किडायचा. आता तो बराच टणक केलाय, तरी पांढरी झाक राहते. तुमचे हे काचेसारखे दाणे बहुतेक शेजारच्या साध्या मक्याचा पराग पडून झालेत.

म्हणजे महिनाभर नातीच्या ताटात साधा मका, आणि तिचा घास कोंबड्यांना. मी चपला न घालताच जावेकडे निघाले. गोणी दारात उघडी, भोवती कोंबड्या.

मी गोणीकडे वाकले तशी जाऊ हसत म्हणाली, "काय अक्का, कोंबड्यास्ना तोंडना घास काढाले उनी का?"

"आधी गोणी बांध."

माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. तळाशी जेमतेम दोन सुपं मका, त्यातल्या निम्म्याला कीड.

घरी सून म्हणाली, "आत्या, बठ्ठा दळी टाकू. पोर आज बारीक शे."

"सगळाच दळला तर पुढं काय पेरायचं?"

तिचंही खरं होतं. मी सूप तिच्यापुढे सरकवलं. माझ्या दातांवर आता माझा भरवसा नव्हता. तिनं एकेक दाणा उजेडावर धरून उजेड अडवणारा, न किडलेला तेवढा निवडला, आणि स्वतःहूनच बियाण्याला दोन ओंजळी माझ्या पदरात टाकल्या. उरलेला दळायला नेला.

त्या दोन ओंजळी राखेत घालून ठेवल्यात. शेजारच्या मक्याचा परागाचा तुरा येऊन गेल्यावर आमचा यावा, अशा बेतानं बांधापासून लांब पेरायच्या आहेत. तोवर रोज झाकण काढून बघते, कीड तर लागली नाही ना.