बांधाची उंची

परवा रविवारी कळंबला आमच्या घरी एक मॅच झाली... लॅपटॉपवर. त्या टीममधले बरेचजण आता हयात नाहीत.

मला क्रिकेटच्या सिम्युलेशनचा जुना नाद आहे. मैदान आपण आखायचं, बाउंडरी किती लांब ते सांगायचं, प्रत्येकाचं कसब आकड्यांत भरायचं... पुढची मॅच प्रोग्रॅम खेळतो, आपण फक्त बघायचं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले. एकदा शेजारी बसून त्यांनी हा खेळ पाहिला आणि म्हणाले, आमची टीम बसव यात. बहात्तरच्या दुष्काळातली.

आमचं मूळ गाव ईट या गावाच्या बाजूला. त्या वर्षी तिथं सरकारी दुष्काळी काम निघालं होतं, पाझर तलावाचं. ही सगळी मुलं दिवसभर तिथं माती वाहायची आणि काम सुटलं की तलावाच्या कोरड्या पोटात सोसायटीनं दिलेली मॅट अंथरून खेळायची. कॅप्टन अण्णा.

मैदानाची एक बाजू म्हणजे बांध. बॉलिंग कायम एकाच टोकाकडून व्हायची, कारण दुसऱ्या टोकाला रनअप घ्यायलाच जागा नव्हती. त्यामुळे डावखुऱ्या सुदामकाकांचा हुकमी फटका नेमका बांधाकडे जायचा.

बांध कमरेएवढा होता तोवर बॉल पलीकडे... सिक्स. कामावर माती पडत गेली, बांध चढत गेला आणि तोच फटका उताराला लागून घरंगळत परत यायला लागला. मग अण्णांनी सुदामकाकांना काढलं आणि मोकळ्या बाजूला मारणारे उजवे घेतले. मैदान बघून टीम निवडली, असं ते आम्हाला लहानपणापासून सांगत आलेत.

सुदामकाका अण्णांचे वर्गमित्र, गावातल्या बौद्ध वस्तीतले. पुढे बँकेत ऑफिसर झाले, आता धाराशिवला असतात. लग्नकार्यात भेटतात, हसून बोलतात... पण क्रिकेटचा विषय दोघांत कधी निघालेला मी ऐकला नव्हता.

अण्णा मात्र मैदानाच्या मागेच लागले. बांधाचा उतार असा नको, तसा हवा... मला वाटलं, घरात बसून कंटाळलेत. रविवारी सुदामकाका त्यांना बघायला आले, अण्णांनी लगेच लॅपटॉप आणायला सांगितला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे सगळं काकांना दाखवण्यासाठी चाललं होतं.

मी आधी काकांना घेऊन भरपूर मॅचेस चालवल्या, मग वगळून. काकांशिवाय टीम जास्त वेळा जिंकली.

"बघ," अण्णा म्हणाले. एवढंच. पण त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले.

मला अस्वस्थ वाटलं. बांधाची उंची मी अण्णांच्या सांगण्यावरून भरली होती. तो आकडा जरा कमी केला असता तर निकाल फिरला असता... आणि मी काकांना एका शब्दानं विचारलं नव्हतं.

काका चष्मा सावरून स्क्रीनकडे बघत होते. "बांध लई उंच झाला होता, हे खरंय," ते म्हणाले. "माझ्याच टोपल्यांनी झाला. लेका, तू कॅप्टन म्हणून निम्मा वेळ झाडाखाली."

अण्णा हसले. मीही हसले. मग काकांनी अगदी सावकाश विचारलं, "पण आपल्या मॅचेस बाहेरगावीबी असायच्या. तिथं कुठला बांध होता रे?"

मी चहाचे कप उचलायला उठले आणि न उचलताच बसले.

"तिथं जेवण असायचं," अण्णा शेवटी म्हणाले.

पाहुण्या टीमला ज्यांच्या गावात मॅच ते जेवू घालायचे. कुणाच्या तरी वाड्यावर, सगळे एका पंगतीत. तुला कुणी पंगतीतून उठवलं असतं तर मला अख्खी टीम उठवून आणावी लागली असती, अण्णा म्हणाले. तेवढी हिंमत नव्हती... म्हणून बांधाचं कारण पुढं केलं. घरच्या मैदानावर ते खरंही होतं, त्यामुळं बोलायला सोपं गेलं.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं, असं मला नंतर वाटलं.

"कधी वाटायचं, जात बघून काढलं," ते म्हणाले. "कधी वाटायचं, न्हाय, आपलाच खेळ गेला. बँकेच्या टीमनं बोलवलं तरी मी गेलो न्हाय. तू तेव्हाच सांगितलं असतंस तर भांडलो असतो तुझ्याशी... पण खेळलो असतो."

अण्णांनी माफी मागितली. ते शब्द इथं लिहीत नाही, ते त्या दोघांचे आहेत. काकांनी मान हलवली, त्याचा अर्थ काय ते मी ठरवणार नाही.

थोड्या वेळानं काका मला म्हणाले, "पोरी, बांध नसलेलं एखादं मैदान लाव की."

मी सपाट मैदान घेतलं, चारी बाजूंनी सारखं. टीम भरताना अण्णांनी स्वतः सांगितलं, सुदाम एक नंबरला. मॅच सुरू झाली. काकांनी एक चौकार मारला आणि पुढच्याच ओव्हरमध्ये बोल्ड झाले.

अण्णांचा चेहरा उतरला. परत लाव, असं त्यांनी मला खुणेनं सांगितलं. माझा हातही बटणाकडे गेला होता... हवं ते शतक मला काढून देता आलं असतं.

"राहू दे," काका म्हणाले. "सरळ बोल्ड झालो. हे तेव्हाबी चाललं असतं मला."

मी लॅपटॉप मिटला. आपण माणसांना किती काळजीपूर्वक आकड्यांत बसवतो, आणि त्यांना स्वतःला काय हवं होतं हे विचारायचं राहूनच जातं... काकांनी न चिडता ते सांगितलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.